नाकापेक्षा मोती जड!

गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न 'लग्न कधी करतेयस?' हा नाही. तो आहे, 'घरी लेझर कटर घेतोय, त्याला लॅपटॉप कुठला घेऊ?' टेक्नॉलॉजीवर चार लेख काय लिहिले, लोकांनी मला सर्व्हिस सेंटरच करून टाकलंय! विचारणारे सगळे तुमच्या-माझ्यासारखेच. कुणी आयटीत, कुणी बँकेत, कुणी एचआरमध्ये, एक तर चक्क डेन्टिस्ट. रात्री जेवणं झाल्यावर मोबाईलवर कुणीतरी लाकडाच्या फळीतून सुबक अक्षरं कापताना दिसतं आणि डोक्यात किडा वळवळायला लागतो. नेमप्लेट, की-चेन, गणपतीचं मखर, लग्नातल्या रिटर्न गिफ्टच्या डब्या. नोकरी सांभाळून साइड बिझनेस! कल्पना वाईट नाहीच. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून लाकडी आणि पुठ्ठ्याच्या मखरांना मागणी आहे, हे तर आपण दर गणपतीत बघतोच.

पण लॅपटॉप कुठला, या प्रश्नाचं माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. कारण मी सांगते, लॅपटॉप सगळ्यात शेवटी. आधी मशीन, मग त्या मशीनला चालणारं सॉफ्टवेअर, मग ते सॉफ्टवेअर ज्यावर चालेल तो कॉम्प्युटर. आणि टॅबलेट? तो तर त्याच्याही नंतर, पैसे उरले तर!

आता हे मी इतकं ठासून का सांगते, तर माझ्या एका कॉलेजमित्रामुळे. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. कंपनीने त्याची अख्खी टीम एका मीटिंगमध्ये गुंडाळली आणि हातात तीन पगार ठेवले. घराचा हप्ता चालू, बायकोची नोकरी आहे म्हणून चूल पेटतेय. आता नेमप्लेटचं काम सुरू करायचं, असं त्याने ठरवलं आणि मला यादी पाठवली. मॅकबुक प्रो, आयपॅड प्रो, त्याची पेन्सिल, इलस्ट्रेटरचं वर्षाचं सबस्क्रिप्शन. सगळं मिळून तीन लाखांच्या घरात. आणि यादीत सगळ्यात खाली, बारक्या अक्षरात, लेझर मशीन, पंचेचाळीस हजार.

"अरे, नाकापेक्षा मोती जड झालाय," मी म्हणाले.

"अगं, प्रोफेशनल करायचं तर इक्विपमेंट प्रोफेशनल नको का?" हे त्याचं म्हणणं.

तुम्हालाही त्याचंच पटत असेल, तर जरा थांबा. हे मशीन नेमकं करतं काय ते बघू. घरगुती मशीन म्हणजे साधारण अॅल्युमिनिअमची एक चौकट, तिच्यावर मागे-पुढे, डावी-उजवीकडे सरकणारं एक डोकं आणि त्या डोक्यात निळ्या प्रकाशाचा डायोड लेझर. तुम्ही डिझाइन काढता. मग एक सॉफ्टवेअर त्या डिझाइनचे हुकूम बनवतं. हे हुकूम म्हणजे साधा मजकूर असतो. इतके मिलिमीटर उजवीकडे जा, किरण इतक्या ताकदीने चालू कर, आता बंद कर. त्याला म्हणतात जी-कोड. हा मजकूर यूएसबीच्या वायरीतून एकेक ओळ करून मशीनच्या बोर्डाकडे जातो आणि बोर्डावरची 'जीआरबीएल' नावाची मोफत, ओपन सोर्स प्रणाली त्याप्रमाणे मोटारी फिरवते. ही प्रणाली मुळात इवल्याशा चिपवर चालायला बनवलेली. म्हणजे बघा, ज्याला ओळीमागून ओळ वाचून दाखवायची आहे, तो श्रोता इतका साधा आहे, मग वाचून दाखवणारा दीड लाखाचा कशाला हवा?

माझ्या मित्राच्या माळ्यावर एक आठ वर्षांचा लॅपटॉप पडला होता. आय-फाईव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम. विंडोज १०, म्हणजे मायक्रोसॉफ्टने ज्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला ते. त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत हे खरं, पण लेझर हाकायला तो उत्तम! तोच खाली काढला. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि गडी पळायला लागला.

जुना लॅपटॉप वेगळा ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत. एमडीएफ कापताना धूर होतो, बारीक काजळी उडते. लॅपटॉपचा पंखा ती काजळी आनंदाने आत ओढून घेतो. तुमच्या नव्याकोऱ्या मॅकबुकचं फुप्फुस त्यासाठी पणाला लावू नका. डिझाइनचा कॉम्प्युटर एका खोलीत, मशीन हाकणारं खटारं दुसऱ्या खोलीत. फाइल पेनड्राइव्हने नेली तरी काय बिघडतं?

फक्त त्या खटाऱ्याची दोन-तीन सेटिंग्ज आठवणीने बदला. स्लीप मोड कायमचा बंद. कारण नेमप्लेट ऐंशी टक्के कापून झालीय आणि लॅपटॉपला डुलकी लागली, तर वाचून दाखवणाराच झोपला ना! मशीन जागच्या जागी थांबतं आणि ती फळी वाया. विंडोजला रात्री स्वतःहून अपडेट होऊन रीस्टार्ट व्हायची खोड असते, तीही मोडा. यूएसबीची वायर आखूड आणि दणकट घ्या, लांबलचक स्वस्त वायरीत कनेक्शन मध्येच तुटतं. मशीन जोडूनही लॅपटॉपला दिसतच नसेल तर घाबरू नका. बऱ्याच मशीनच्या बोर्डावर सीएच ३४० नावाची चिप असते, तिचा ड्रायव्हर टाकला की दिसायला लागतं.

आणि डिझाइनसाठीचा कॉम्प्युटर? तिथेही एक गंमत आहे. ग्राफिक्सवाले लोक स्क्रीनच्या रंगांच्या अचूकपणासाठी जीव टाकतात, पैसेही. लेझरला रंग कळतच नाहीत. लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग म्हणजे फक्त खूण. लाल रेष म्हणजे आरपार काप, निळी म्हणजे नुसतं कोर, काळी म्हणजे आतून भर. तो लाल जास्वंदीचा आहे की विटेचा, काही फरक पडत नाही! त्यापेक्षा मोठा स्क्रीन घ्या. २४ इंची साधा मॉनिटर आणि चाकवाला चांगला माऊस. झूम करकरून अक्षरांचे कोपरे तपासायला हीच दोन हत्यारं लागतात.

आता मुद्द्याचं, सॉफ्टवेअर. इथे माझा आग्रह आहे की मशीनचे पैसे भरण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायचा. 'बोर्ड कुठला आहे आणि लाइटबर्न चालतं का?' लाइटबर्न हे या धंद्यातलं सगळ्यात लाडकं सॉफ्टवेअर. डिझाइन मांडा, जाडीप्रमाणे वेग आणि ताकद ठरवा, मशीनला हुकूम द्या, सगळं एकाच जागी. पैसे पडतात, पण महिन्याला नाही. परवाना एकदा घ्यायचा, वर्षभर अपडेट मिळतात. नंतर पैसे भरले नाहीत तरी तोवरची आवृत्ती चालू राहते. शिवाय ३० दिवस फुकट वापरून बघता येतं. या ३० दिवसांची एक युक्ती सांगते. मशीन घरी यायच्या आधी ट्रायल सुरू करू नका! आमच्या एका कॉमन मैत्रिणीचे सगळे दिवस कुरिअरची वाट बघण्यात गेले.

पण लाइटबर्न प्रत्येक मशीनवर चालतंच असं नाही. उदाहरणार्थ 'के ४०' नावाची निळ्या पेटीतली चिनी मशीन जगभर लोकप्रिय आहेत. ती डायोडची नाहीत, कार्बन डायऑक्साइड वायूची. (या वायूच्या लेझरचा शोध १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी लावला. जन्म बारामतीचा, इंजिनीअरिंग पुण्याच्या सीओईपीतलं. आपण पुणेकर कशाकशाचा अभिमान बाळगतो, आणि हे नाव किती जणांना माहीत असतं?) ही मशीन पारदर्शक अॅक्रिलिकही कापतात. निळ्या डायोडचा प्रकाश मात्र काचेतून ऊन जावं तसा त्यातून निघून जातो. पण के ४० सोबत येणाऱ्या 'एमटू नॅनो' बोर्डाशी लाइटबर्न बोलतच नाही. मग एक तर बोर्ड बदला किंवा 'के ४० व्हिस्परर'सारखं मोफत सॉफ्टवेअर वापरा. म्हणून म्हटलं, आधी बोर्ड विचारा. ग्लोफोर्ज नावाच्या अमेरिकन मशीनची तर आणखी तऱ्हा. तिचं सॉफ्टवेअर इंटरनेटवर. नेट गेलं की काम ठप्प. आपल्याकडे केबल कधी कोण खणून ठेवेल याचा नेम आहे का?

पैसे अजिबातच घालवायचे नसतील तर विंडोजवर 'लेझरजीआरबीएल' आहे. मोफत. फोटो कोरायला झकास, पण अनेक तुकड्यांचं मखर मांडून कापायला त्यात जीव मेटाकुटीला येतो. आणि डिझाइन काढायला इंकस्केप. तेही मोफत, विंडोज, मॅक, लिनक्स कशावरही चालतं. मित्राचं म्हणणं, फुकटचं ते कच्चंच असणार. म्हटलं, महिनाभर वापर, अडलं तर इलस्ट्रेटर घे. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून 'अॅफिनिटी'ही कॉम्प्युटरवर मोफत झालंय. कॅनव्हाने २०२४ मध्ये त्याची मूळ कंपनी विकत घेतली त्याचा हा फायदा. फक्त कॅनव्हाचं खातं लागतं. आपल्या गल्लीतले फ्लेक्स आणि पत्रिकावाले मात्र अजून कोरलड्रॉवरच जीव लावून आहेत. हात बसलेला असतो ना! त्यांच्याकडून फाइल मागवणार असाल तर आधीच बजावा, 'कंट्रोल क्यू' करून अक्षरांच्या रेषा करून द्या. नाहीतर त्यांचा जुना मराठी फॉन्ट तुमच्या मशीनवर नसतो आणि 'शुभविवाह'च्या जागी भलतीच चिन्हं उमटतात.

मराठी अक्षरांचा विषय निघालाच आहे, तर इथे जरा टेकूया. कारण इंग्रजीत शिकवणारे जगभरचे व्हिडिओ याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, आणि आपला सगळा धंदा तर यावरच!

मित्राने पहिली ऑर्डर घेतली ती शेजारच्या काकूंची. 'कुलकर्णी'. युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलं, रेषांमध्ये बदललं, पाठवलं मशीनला. कापून झाल्यावर नेमप्लेट उचलली तर हातात आला फक्त 'कु'. 'ल', 'क' आणि 'र्णी' फळीतच राहिले! झालं होतं असं, की फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते. ती शेजारच्या अक्षरावर जराशी चढते, म्हणून आपल्याला अखंड दिसते. डोळा फसतो, लेझर फसत नाही. तो प्रत्येक अक्षराच्या कडेने इमानेइतबारे कापत जातो आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. उपाय एका क्लिकचा आहे. इंकस्केपमध्ये 'युनियन', लाइटबर्नमध्ये 'वेल्ड'. सगळी अक्षरं एकजीव. मग आउटलाइन व्ह्यूमध्ये जाऊन बघायचं, शिरोरेषेत कुठे आडवी-उभी चुकार रेघ उरलीय का.

आणि एकदा का एकजीव झालं, की देवनागरीसारखी लिपी नाही! इंग्रजी नाव कापलं तर प्रत्येक अक्षर वेगवेगळं पडतं, एकेक ओळीत चिकटवत बसा. आपलं अख्खं आडनाव शिरोरेषेला लटकून एका तुकड्यात बाहेर येतं. वेलांटी, मात्रा, रफार, सगळे धरून राहतात. अडचण एकच, अनुस्वार. 'शिंदे', 'सावंत', 'देशपांडे' यांचं टिंब अधांतरी. कापताच ते मशीनखाली कुठेतरी गडप होतं आणि शिंद्यांचे 'शिदे' होतात. मग एक तर टिंबाला शिरोरेषेपर्यंत बारीकसा दांडा काढायचा, नाहीतर मागे पाटी लावून त्यावर टिंब चिकटवायचं. मित्र आता प्रत्येक ऑर्डरमागे तीन-चार जास्तीची टिंबं कापून डबीत ठेवतो.

फॉन्ट निवडतानाही लेझरची नजर ठेवा. एक टाइप या मुंबईच्या मंडळींनी केलेले मुक्त, बलू, मोदक हे फॉन्ट मोफत मिळतात, आणि त्यांचा परवाना खुला असल्याने व्यवसायात वापरता येतात. बलू कापायला फार गोड, गुबगुबीत आणि मजबूत. मोदक त्याहून गुबगुबीत, पण त्याच्या आतल्या फटी अगदी बारीक. लेझर स्वतःच मिलिमीटरचा एखाद-दुसरा दशांश जाळतो, त्यामुळे मोदक मोठ्या पाटीवर शोभतो आणि की-चेनवर काळा गोळा होतो.

बघा, आता या सगळ्यात आयपॅड कुठे आला का? नाही आला. कारण कापायला रेषा लागते, चित्र नाही. आयपॅडवरचं सगळ्यांचं आवडतं प्रोक्रिएट हे ठिपक्यांनी रंगवणारं अॅप आहे. त्यातलं सुंदर चित्र कोरायला चालेल, पण कापायचं म्हटलं तर कॉम्प्युटरवर आणून त्याच्या कडा पुन्हा रेषांमध्ये उतरवाव्या लागतात. लाइटबर्न आयपॅडवर चालत नाही, अँड्रॉइड टॅबलेटवरही नाही. एक्सटूलसारख्या काही कंपन्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर टॅबलेटवर चालतं, पण मग तुम्ही त्या कंपनीच्या मशीनशी बांधले गेलात. रेषांमध्येच काढणारे इलस्ट्रेटर किंवा लिनिआरिटी कर्व्ह हे आयपॅडवर आहेत. ज्याच्याकडे आयपॅड आधीच आहे त्याने जरूर वापरावेत. पण त्यासाठी नवा घेणं? हातानेच काढायची हौस असेल तर स्क्रीन नसलेला, कॉम्प्युटरला जोडायचा पेन टॅबलेट पाच हजारांच्या आत येतो. ह्युऑन, एक्सपी-पेन, कुठलाही. चार दिवस हात वाकडा चालतो, मग सवय होते.

वाचलेले पैसे कुठे घालायचे, तेही सांगते. उघड्या चौकटीचं दहा वॉटचं मशीन 'क्लास ४' लेझर असतं, म्हणजे डोळ्यांना सर्वांत धोकादायक वर्ग. सोबत मिळणाऱ्या हिरव्या प्लास्टिकच्या चष्म्यावर विसंबू नका. ४५० नॅनोमीटरसाठी प्रमाणित असलेला घ्या, आणि घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर बंद पेटीचं मशीनच घ्या. खिडकीतून धूर बाहेर टाकणारा पंखा आणि पाइप आवश्यक. तोही बघून, वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या बाल्कनीत धूर जाणार नाही असा. एक छोटं अग्निशामक सिलिंडर. मशीन चालू असताना खोली सोडायची नाही, चहा उकळायलासुद्धा नाही. आणि सनबोर्ड, रेक्झिन यांना हातसुद्धा लावायचा नाही. त्यांत बहुधा पीव्हीसी असतं, ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. फुप्फुसं तुमची आणि लोखंड मशीनचं, दोन्ही खातो. ग्राहक कितीही म्हणू दे, 'अहो, सनबोर्डवर स्वस्त पडेल ना!'

मशीन विकत घ्यायच्या आधी हाताळून बघायचं असेल, तर आसपास फॅब लॅब आहे का शोधा. एमआयटीच्या पुढाकाराने जगभर पसरलेल्या फॅब लॅबपैकी अगदी सुरुवातीची एक २००२ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यातच, पाबळच्या विज्ञान आश्रमात उभी राहिली. लेझर कटर हे या लॅबमधलं नेहमीचं हत्यार. तासभर तिथे घालवलात तर कळेल, आपल्याला हे काम आवडतंय की फक्त त्याचे व्हिडिओ बघायला आवडतात.

मित्राचं अखेर साठ हजारांत भागलं. मशीन, एसएसडी, मॉनिटर, लाइटबर्न, चष्मा, पंखा. उरलेल्यातून घराचे हप्ते बाजूला काढून ठेवलेत. नोकरीसाठी अर्ज करणं चालूच आहे, तेही बरोबरच. बायकोचा ऑफिसचा टॅबलेट मात्र एकदा उपयोगी पडला. एका बाईंना नातवाच्या खोलीसाठी नाव हवं होतं, फॉन्ट एकही पसंत पडेना. शेवटी त्याने टॅबलेट त्यांच्यापुढे धरला, म्हणाला, "आजी, तुम्हीच काढा." त्यांनी बोटाने 'आरव' लिहिलं, 'व'चं पोट जरा चेपलेलं, शिरोरेषा डावीकडे उतरती. तो चेपलेला 'व' सरळ करू का, असं त्याने विचारलं. आजींनी नको म्हणून सांगितलं.